साधी राहणी आणि अर्थस्वातंत्र्य : एक अभ्यास

प्रास्ताविक

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपल्या पणजोबांच्या पिढीच्या तोंडी होती. गेल्या दोन-तीन पिढ्यांत तिचा क्रम पार उलटा झाला. आज रिसोड, मानोरा वा मालेगावच्या एखाद्या घरी नेमणुकीचा कागद आला म्हणजे गल्लीभर पेढे वाटले जातात आणि शेती कोणाच्या तरी हवाली करून मुलगा पुण्याची गाडी धरतो. त्या मुलाच्या पगारावर घराचे कर्ज, धाकट्यांचे शिक्षण आणि म्हाताऱ्यांचे औषधपाणी अवलंबून असते. अशा वेळी तोच मुलगा दहा-बारा वर्षांनी "आता ही नोकरी पुरे झाली, साधेपणाने राहीन पण माझ्या वेळेचा मालक मी होईन" असे म्हणू लागला, तर घरात काय प्रतिक्रिया उमटेल हे सांगावयास नको.

तथापि असे म्हणणाऱ्यांची संख्या वाढत आहे, आणि त्यांना आळशी किंवा वेडे ठरवून हा प्रश्न निकालात निघत नाही. ताणाची नोकरी लवकर सोडावी, गरजा मर्यादित ठेवाव्या आणि साठविलेल्या पुंजीवर स्वतंत्रपणे जगावे, या विचाराचा प्रस्तुत लेखात अभ्यास करावयाचा आहे. या विचाराची मुळे कोठे आहेत, त्याचे गणित काय, त्याला कोणत्या अटी लागतात आणि आपल्यासारख्या कोरडवाहू जिल्ह्यात तो कितपत लागू पडतो, असे चार प्रश्न क्रमाने पाहू.

साधी राहणी म्हणजे काय आणि काय नव्हे

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. साधी राहणी, दारिद्र्य आणि संन्यास या तीन गोष्टी पुष्कळदा एकमेकींत मिसळल्या जातात. दारिद्र्यात माणूस कमी वस्तूंत जगतो, कारण त्याला दुसरा मार्गच नसतो. संन्यासात माणूस घर, नाती आणि मिळकत यांवरचा हक्कच सोडतो. आपल्याच जिल्ह्यातील कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यांनी स्वीकारलेला मार्ग संन्यासाचा होता. साधी राहणी या दोहोंहून वेगळी आहे. तीत माणूस घरातच राहतो, कर्तव्ये पार पाडतो, पैशाचा हिशेबही ठेवतो. मात्र आपल्याला किती पुरे याची मर्यादा तो स्वतः ठरवितो.

आश्रमव्यवस्थेत गृहस्थाश्रमानंतर वानप्रस्थ सांगितला आहे. कर्तेपण पुढच्या पिढीकडे सोपवून हळूहळू बाजूला होणे, हा त्याचा आशय. आजची सेवानिवृत्ती वयाने येते. वानप्रस्थात मात्र कर्तव्ये किती पुरी झाली हा निकष होता. हा फरक पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

मराठी मनाला याहून जवळचे उदाहरण तुकोबांचे आहे. देहूच्या या घराण्यात वाणीव्यवसाय आणि सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने संसाराची आणि व्यापाराची वाताहत झाली. पुढे त्यांनी लोकांकडील येण्याची खतपत्रे बाहेर काढली, निम्मी धाकटा भाऊ कान्होबा याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली, असे चरित्रकार सांगतात. लोक बहुधा येथेच थांबतात. पण या कथेतील दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. भावाचा वाटा त्यांनी बुडविला नाही. त्याग केला तो फक्त आपल्या वाट्याचा. आणि त्यानंतरही ते गृहस्थच राहिले.

हिशेबनीस कुमारप्पा

आधुनिक काळातील या विषयाचे एक मोठे उदाहरण विदर्भातच, वर्ध्याला घडले. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला जाऊन त्यांनी हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले, तेथे काही काळ कामही केले आणि १९१९ मध्ये परत येऊन मुंबईत हिशेबतपासनिसाचा व्यवसाय थाटला. व्यवसाय चांगला चालत होता. १९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठात प्रा. सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक आयव्यय आणि हिंदुस्थानचे दारिद्र्य यांच्या संबंधावर प्रबंध लिहिला. सरकारी जमाखर्चाचे आकडे तपासता तपासता हा साहेबी थाटाचा गृहस्थ देशाच्या दारिद्र्याच्या मुळाशी जाऊन पोहोचला.

मे १९२९ मध्ये त्यांची गांधीजींशी साबरमती येथे भेट झाली आणि आयुष्याची दिशा बदलली. मुंबईतील व्यवसायाकडे ते पुन्हा वळले नाहीत. गुजरात विद्यापीठात अध्यापन, खेडा जिल्ह्यातील मातर तालुक्याची आर्थिक पाहणी आणि मग १९३४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम, असा त्यांचा पुढील क्रम आहे. संघाचे केंद्र वर्ध्याला मगनवाडीत होते. तेथे तेलघाणी, हातकुटाईचा तांदूळ, हातकागद, मधमाशीपालन यांचे प्रयोग चालत. वनस्पतितेलावर जळणारा 'मगनदीप' हा कंदील त्यांतलाच एक. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. त्या काळी वाशीम हा वऱ्हाडातील अकोला जिल्ह्याचा एक तालुका होता, हे येथे लक्षात घ्यावे.

१९४५ मध्ये जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यातील एक भेद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. राहणीमानाला आपण 'उच्च' आणि 'नीच' अशी विशेषणे लावतो. कुमारप्पांच्या मते ही शब्दयोजनाच दिशाभूल करणारी आहे. ज्या राहणीत वस्तू पुष्कळ आहेत तिला 'गुंतागुंतीची' म्हणावे आणि जीत वस्तू थोड्या आहेत तिला 'साधी' म्हणावे. साधी राहणी गुणाने उच्च असू शकते आणि गुंतागुंतीची राहणी गुणाने हीनही असू शकते. वस्तूंची संख्या हे जीवनाच्या प्रतीचे माप नव्हे, हा त्यांचा निष्कर्ष.

कुमारप्पांचे उदाहरण देताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते अविवाहित होते. त्यांच्या मागे बायकामुलांचा संसार नव्हता. त्यांच्या पाठीशी एक मोठी चळवळ आणि संस्था होती. आज ज्याला अर्थस्वातंत्र्य म्हणतात, म्हणजे स्वतःच्या पुंजीवर जगणे, ते त्यांचे ध्येय नव्हते. त्यांच्याकडून घ्यावयाचा धडा पुंजीचा नाही, मोजमापाचा आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाने एके दिवशी जगण्याचीच वही तपासावयास घेतली.

अलीकडची दोन उदाहरणे

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात दिलीप कुलकर्णी यांचे नाव या संदर्भात घेतले जाते. यंत्र अभियंता असलेल्या कुलकर्णींनी पुण्यातील टेल्को कंपनीची नोकरी सोडली, काही काळ विवेकानंद केंद्राचे काम केले आणि नंतर पत्नी पौर्णिमा यांच्यासह रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या कुडावळे या गावी ते राहावयास गेले. 'निसर्गायण' हे पुस्तक आणि 'गतिमान संतुलन' हे मासिक यांतून त्यांनी आपला विचार मांडला. वीज, वाहन आणि यंत्रे यांचा वापर जाणीवपूर्वक मर्यादित ठेवून सुशिक्षित कुटुंब समाधानाने राहू शकते, हे त्यांनी आचरणाने दाखविले.

दुसरे उदाहरण वेंकट अय्यर यांचे. आय.बी.एम. या संगणक क्षेत्रातील कंपनीची नोकरी सोडून त्यांनी डहाणू तालुक्यातील पेठ या गावी जमीन घेतली आणि सेंद्रिय शेती सुरू केली. या अनुभवावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. संगणकाऐवजी मूग पिकविणाऱ्या या माणसाची कथा शहरी वाचकांना आवडली हे साहजिकच आहे. परंतु आपण वाशीमकरांनी ती वेगळ्या डोळ्यांनी वाचली पाहिजे. नोकरीत मिळविलेली पुंजी हाती असलेला माणूस शेतीकडे जातो तेव्हा एक वर्ष पीक बुडाले तरी त्याची चूल विझत नाही. पुंजी नसलेल्या शेतकऱ्याला ते वर्ष सावकाराच्या दारात नेऊन उभे करते. शेती एकच, स्वातंत्र्य मात्र एकालाच असते.

नोकरीचा ताण : कल्पना की वास्तव?

"ताण कोणाला नसतो?" असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. तो रास्त आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याइतका ताण कोणत्या कचेरीत असेल? तरीही नोकरीतील ताणाची दखल शास्त्राने घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, २०१९ मध्ये, कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याची, म्हणजेच 'बर्नआउट'ची, नोंद केली. त्याला रोग न म्हणता व्यवसायाशी निगडित स्थिती म्हटले आहे. शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे आणि कार्यक्षमता घटणे ही त्याची तीन लक्षणे होत.

याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मिळून केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक आढळला. आपल्याकडील १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. हातात फोन आणि मांडीवर संगणक घेतलेल्या नोकरदाराच्या तासांना तशी घंटा नाही. तेव्हा ताण हे निव्वळ लाड नव्हेत, एवढे मान्य करून पुढे जाऊ.

अर्थस्वातंत्र्याचे गणित

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. अर्थस्वातंत्र्याची व्याख्या सोपी आहे. आपला वर्षाचा खर्च आपल्या पुंजीच्या उत्पन्नातून कायम भागू लागला, म्हणजे मनुष्य आर्थिक दृष्टीने स्वतंत्र झाला. या व्याख्येत पगाराचा उल्लेख नाही. खर्च आणि पुंजी या दोनच गोष्टी आहेत, आणि पुंजीचे मापही खर्चावरूनच ठरते.

अमेरिकेत जो डोमिंग्वेझ नावाचा वॉल स्ट्रीटवरील विश्लेषक १९६९ मध्ये वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर निवृत्त झाला. त्याने व्हिकी रॉबिन यांच्यासह लिहिलेले पुस्तक १९९२ मध्ये निघाले. पैसा म्हणजे आपण विकलेले आयुष्याचे तास होत, हा त्यातील मुख्य विचार. तो आपल्या उदाहरणाने पाहू. समजा, पुण्यातील एका तरुणाचा पगार ६०,००० रुपये आहे आणि तो महिन्याला २०० तास काम करतो. वरवर पाहता त्याची ताशी मिळकत ३०० रुपये झाली. पण नोकरीखातरच होणारा प्रवास, कचेरीजवळच्या खोलीचे जादा भाडे, कपडे आणि बाहेरचे जेवण मिळून १५,००० रुपये जातात, आणि जाण्यायेण्यात आणखी ५० तास मोडतात. म्हणजे ४५,००० रुपयांसाठी २५० तास. खरी मिळकत ताशी १८० रुपये. आता १८,००० रुपयांचा फोन घेताना त्याने आयुष्याचे १०० तास मोजून दिले, हे त्याला कळावयास हवे. फोन घेऊ नये असे नाही. किंमत कळून घ्यावा.

दुसरे गणित बचतीच्या प्रमाणाचे. जो मिळकतीच्या १० टक्के शिल्लक टाकतो त्याला एका वर्षाचा खर्च साठविण्यासाठी ९ वर्षे काम करावे लागते. जो २५ टक्के शिल्लक टाकतो त्याला ३ वर्षे लागतात. निम्मी मिळकत शिल्लक टाकणाऱ्याला एकच वर्ष पुरते. पगार २०,००० असो वा २ लाख, हे प्रमाण बदलत नाही. खर्च कमी केल्याने दुहेरी लाभ होतो: शिल्लक वाढते आणि गाठावयाची पुंजी कमी होते. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आपण काटकसरीपुरती वापरतो; तिच्यात हे बीजगणितही दडलेले आहे.

मग पुंजी किती हवी? अमेरिकेतील विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये तेथील जुन्या आकड्यांवरून दाखविले की, पुंजीच्या सुमारे ४ टक्के रक्कम पहिल्या वर्षी काढली आणि पुढे ती महागाईप्रमाणे वाढवीत नेली, तर पुंजी ३० वर्षे पुरते. १९९८ मध्ये टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी अशाच प्रकारचा अभ्यास केला. यावरून 'वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी' असा नियम रूढ झाला. महिना २५,००० खर्च असेल तर वर्षाचे ३ लाख, आणि त्याच्या २५ पट म्हणजे ७५ लाख रुपये.

परंतु हा नियम जसाच्या तसा आपल्याकडे आणणे धोक्याचे आहे. तो अमेरिकेच्या बाजारावर आणि ३० वर्षांच्या निवृत्तीवर बेतलेला आहे. चाळिशीत नोकरी सोडणाऱ्याला ४५ वर्षांची तरतूद हवी. म्हणून ३३ पट, म्हणजे वरील उदाहरणात सुमारे १ कोटी, हे अधिक सावध माप होय. आणि तेही स्वतःचे घर, आरोग्यविमा आणि मुलांच्या शिक्षणाची रक्कम वेगळी ठेवून.

एवढी पुंजी गोळा होण्यास किती काळ लागेल? महागाई वजा जाता गुंतवणुकीवर वर्षाला ३ टक्के मिळतात असे धरले, तर २५ पट पुंजी जमविण्यास १० टक्के बचत करणाऱ्याला सुमारे ६९ वर्षे लागतील, म्हणजे आयुष्यात ते होणारच नाही. २५ टक्के बचत करणाऱ्याला सुमारे ४० वर्षे, म्हणजे नेहमीच्या निवृत्तीइतकीच. निम्मी बचत करणाऱ्याला सुमारे १९ वर्षे. तेविसाव्या वर्षी नोकरी लागली तर बेचाळिसाव्या वर्षी. केवळ बँकेच्या ठेवीवर महागाईच्या वर ३ टक्के सुटणे अवघड असते. त्यासाठी काही भाग समभागांत किंवा म्युच्युअल फंडांत ठेवावा लागतो आणि त्यात चढउताराची जोखीम येते.

महागाईचा हिशेब तोंडी करावयाचा झाल्यास ७२ ला दराने भागावे. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. आजचे २५,००० रुपये १२ वर्षांनी ५०,००० आणि २४ वर्षांनी १ लाख होतात. व्याजाचे दर मात्र आपल्या सोयीने चालत नाहीत. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी ही सुरक्षित योजना १९६८ पासूनची. तिच्यावरील व्याज जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होते. मार्च २००३ मध्ये ते ८ टक्क्यांवर आले आणि एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के झाले. ज्याने १२ टक्के गृहीत धरून आयुष्याची आखणी केली असेल, त्याची तीन वर्षांत काय स्थिती झाली असेल याची कल्पना करावी.

स्वेच्छानिवृत्तीचा धडा

हे केवळ कल्पनेचे नाही. २०००-२००१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी मुदतीआधी बाहेर पडले. पुढे २०१९ मध्ये भारत संचार निगमच्या ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी अशी निवृत्ती पत्करली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते सेवामुक्त झाले. संस्थेला माणसे कमी करावयाची होती म्हणून ही दारे उघडली. एकरकमी पैसा हाती आला. बँकांतून बाहेर पडलेल्यांपैकी ज्यांनी तो व्याजावर ठेवला, त्यांच्यासमोरच व्याजदर झपाट्याने घसरले.

यावरून तीन गोष्टी शिकता येतात. एकरकमी पैसा दिसतो तेवढा मोठा नसतो. त्याला खर्चाने भागून किती वर्षे निघतात ते पाहावे. अशा पैशावर नातेवाइकांचे लग्न, घरबांधणी आणि उसनवारी यांचा पहिला डोळा असतो. आणि नोकरीतून बाहेर पडण्याइतकेच महत्त्वाचे असते ते बाहेर पडून दिवसभर काय करावयाचे हे ठरलेले असणे. ज्याला हे ठरविता आले नाही, त्याला मोकळा वेळही ओझे होतो.

याच ओघात पेन्शनचाही विचार करावा. जुन्या पिढीतील शिक्षक वा कारकून वीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त झाला तरी त्याला महागाईभत्त्यासह पेन्शनचा आधार होता. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांसाठी अंशदायी योजना आली आणि खासगी नोकरीत तर तशी शाश्वतीच नाही. म्हणून आजच्या विद्यार्थ्याला पुंजीचे गणित शिकणे भाग आहे. त्याच्या वडिलांना ते शिकावे लागले नाही.

आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सोयाबीन, तूर आणि हरभरा ही येथील मुख्य पिके, आणि बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यांत वाशीम होते. ही पार्श्वभूमी विसरून "गावी जाऊन शेती करीन आणि सुखाने राहीन" असे म्हणणे हे शहरात वाढलेल्या मनाचे स्वप्न होय.

एक हिशेब मांडून पाहू. २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात बाजारातील भाव बहुतेक काळ त्याच्या खालीच राहिला. समजा, एकरी ७ क्विंटल पीक आले, ४,२०० रुपयांनी विकले गेले आणि बियाणे, खत, फवारणी, मजुरी व काढणी मिळून एकरी २०,००० रुपये खर्च आला. शिल्लक राहिले ९,४००. पाच एकरांचे ४७,०००. महिन्याला ४,००० सुद्धा नाहीत. रब्बीचा हरभरा साधला तर त्यात भर पडेल, पाऊस फिरला तर हेही हाती लागणार नाहीत. तेव्हा नोकरी सोडून गावी येणाऱ्याने शेतीला धान्य, भाजी आणि मनाचे समाधान देणारी म्हणून जवळ करावे. घरखर्चाचा सगळा भार तिच्यावर टाकू नये.

मग आपल्याकडे या विचाराला जागाच नाही काय? आहे, आणि काही बाबतींत शहराहून अधिक आहे. येथे पुष्कळांचे घर स्वतःचे असते. घरचे धान्य, डाळ येते. भाड्याचा आणि रोजच्या प्रवासाचा खर्च वाचतो. शहरात ५०,००० लागणाऱ्या कुटुंबाला तालुक्याच्या गावी २५,००० पुरले, तर लागणारी पुंजी निम्म्यावर येते. उलट बाजूस दोन खर्च वाढतात: मोठ्या आजारासाठी अकोला, नागपूर वा संभाजीनगरला धावावे लागते, आणि मुलांना उच्च शिक्षणासाठी बाहेर ठेवावे लागते. हे दोन्ही खर्च आधी बाजूला काढल्याशिवाय राजीनाम्याचा विचार करू नये.

यावर एक मधला मार्गही आहे आणि आपल्या मुलांना तोच अधिक मानवेल असे प्रस्तुत लेखकाला वाटते. संपूर्ण नोकरी सोडण्याऐवजी ताणाची नोकरी सोडून कमी पगाराचे, कमी तासांचे, आवडीचे काम धरावे. वार्षिक खर्च ३ लाख असेल आणि शिकवणी, हिशेब लिहिणे, दुरुस्ती, भाषांतर अशा एखाद्या कामातून दीड लाख मिळत असतील, तर पुंजीवर फक्त दीड लाखाचा भार राहतो. २५ पटीच्या मापाने ७५ लाखांऐवजी साडेसदतीस लाख पुरतात. अर्धे स्वातंत्र्य अर्ध्या पुंजीत मिळते, आणि माणूस समाजाला उपयोगीही राहतो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप कर्तव्याचा आहे. शेतकरी कुटुंबात एकच मुलगा नोकरीला लागतो आणि त्याच्या पगारावर पाच-सात माणसे उभी असतात. अशा मुलाचा राजीनामा ही त्याची एकट्याची बाब नसते. वानप्रस्थात कर्तव्यपूर्तीचा निकष होता असे वर म्हटले, ते याचसाठी. घरचे कर्ज फिटले आहे काय, आईवडिलांच्या आजारपणाची तरतूद आहे काय, धाकट्या बहीणभावांचे शिक्षण मार्गी लागले आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे 'होय' असतील तरच चौथा प्रश्न, म्हणजे स्वतःच्या पुंजीचा, विचारावा. तुकोबांनी भावाचे कागद बुडविले नाहीत.

दुसरा आक्षेप स्त्रियांच्या बाजूचा आहे आणि तो फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. घरात मिक्सर नको, धुलाईयंत्र नको, गॅस कमी वापरू, असे पुरुषाने जाहीर केले की त्याची साधी राहणी बाईच्या मनगटावर येते. आपल्या आज्या-पणज्यांनी पहाटे उठून जाते ओढले आणि सरपण वाहिले, ते साधेपणाच्या आवडीने नव्हे. म्हणून गरजा कमी करावयाच्या तर त्या दोघांनी बसून ठरवाव्यात आणि वाढलेले श्रम दोघांनी वाटून घ्यावेत. एकाचा त्याग आणि दुसरीची सक्ती, याला साधी राहणी म्हणता येणार नाही.

तिसरा आक्षेप असा की, सगळ्यांनीच काम सोडले तर समाज कसा चालेल? डॉक्टर, शिक्षक, अभियंता यांच्या शिक्षणावर समाजाचा पैसा खर्च झालेला असतो. याचे उत्तर कुमारप्पांच्या चरित्रात आहे. त्यांनी व्यवसाय सोडला, पण हिशेबाची विद्या सोडली नाही. ती मातर तालुक्याच्या आणि वऱ्हाडच्या खेड्यांच्या कामी लावली. पैशाच्या सक्तीतून सुटलेला माणूस आपले ज्ञान जेथे मोबदला मिळत नाही अशा ठिकाणी नेऊ शकतो. तसे झाले तर समाजाचे नुकसान नाही, लाभच आहे.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. आर्थिक स्वातंत्र्य मोठ्या पगाराने येत नाही. मिळकत आणि खर्च यांतील अंतराने येते. मर्यादा स्वतः ठरविलेली असेल तरच साधी राहणी सुखाची होते. परिस्थितीने लादली तर ते दारिद्र्य होय. आणि ज्या जिल्ह्यात लादलेले साधेपण घरोघर आहे, तेथील मुलाने पैशाचा तिरस्कार करण्याचे कारण नाही. त्याने तो मिळवावा, राखावा आणि त्याच्याकडून आपली सुटका करून घ्यावी.

विद्यार्थी मित्रांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिल्या कमाईपासून, ती शिकवणीची असो वा मजुरीची, एका वहीत जमाखर्च लिहावा आणि महिनाअखेर प्रत्येक खर्चापुढे तो कामाच्या किती तासांचा झाला ते मांडावे. पहिला पगार वाढेल तेव्हा खर्च तेवढाच वाढू देऊ नये. वाढीतला निम्मा भाग तरी शिल्लक टाकावा. आणि कर्ज काढून सण करण्याची, म्हणजे हप्त्याने प्रतिष्ठा विकत घेण्याची, सवय लावून घेऊ नये. नोकरी सोडावी की नाही हा पुढचा प्रश्न आहे. पुष्कळजण ती आनंदाने शेवटपर्यंत करतीलही. पण ज्याच्या वहीत पाच-दहा वर्षांचा खर्च शिल्लक आहे, तो वरिष्ठासमोर ताठ उभा राहू शकतो, अन्यायाला नाही म्हणू शकतो आणि आईच्या आजारपणात महिनाभर रजा मागताना त्याचा आवाज कापत नाही. एवढे स्वातंत्र्य वाशीमच्या कोणत्याही नोकरदार मुलामुलीच्या आवाक्यात आहे, आणि त्याची सुरुवात एका वहीने होते.